टाकी भरलेली होती

मिस्त्री: पाय उचला, ताई. आता ॲक्सिलरेटर दाबून काही व्हायचं नाही. क्लच दाबा, न्यूट्रलला टाका आणि वेग आहे तोवर गोदामाच्या भिंतीकडेला घ्या. हां, अस्सं. लावा हँडब्रेक.

ताई: संपलं. पेट्रोल संपलं, काका.

मिस्त्री: संपलं कसं? तासाभरापूर्वी माझ्यासमोर टाकी फुल केली तुम्ही. फिरलो किती? फार तर पंधरा किलोमीटर.

ताई: काटा बघा ना. शून्यावर आहे.

मिस्त्री: तो काटा तुमचे बाबा, आपले सर, चालवायचे तेव्हापासून झोपलाय. त्याला कोण विचारतं? अहो, घाबरता काय, याच्यासाठीच तर आलो आपण. ही गाडी विकत घ्यायला आलेल्या तुमच्या गिऱ्हाइकाची, त्या दातांच्या डॉक्टरांची तक्रार काय होती? सकाळी हरणासारखी पळते आणि दुपारी दगा देते. म्हणून भर उन्हात पळवली, मग वीस मिनिटं मुद्दाम उन्हातच उभी केली, पुन्हा बाहेर काढली. दिला दगा! चोर रंगेहाथ सापडला. खूश व्हा.

ताई: टाकीचं झाकण उघडा.

मिस्त्री: उघडतो, आधी बोनेट तर...

ताई: आधी झाकण, काका. मला डोळ्यांनी बघायचंय.

मिस्त्री: बरं बाई. या इकडे. हे बघा, तोंडाशी आलंय पेट्रोल. आणि झाकण काढताना सुस्स झालं नाही, म्हणजे टाकीला हवाही नीट मिळतेय. ती भानगड नाही. ताई? अहो, कुठे बघताय? ऊन लागलं का? सावलीला बसा. ही बाटली घ्या, पाणी प्या.

ताई: हाच आवाज होता.

मिस्त्री: कसला?

ताई: आधी दोन आचके. मग कुणी मागून धरून ठेवल्यासारखं. मग इंजिन फुरफुरतं, आणि मग काहीच नाही. नुसता चाकांचा आवाज. मी हे आधी एकदा ऐकलंय, काका. याच गाडीत. अगदी हेच.

मिस्त्री: कधी?

ताई: ते नंतर. आधी मला सांगा, टाकी भरलेली असताना गाडी पेट्रोल संपल्यासारखी बंद कशी पडते?

मिस्त्री: सांगतो की. सांगतो कशाला, दाखवतोच. तुम्ही आत बसा. पहिल्यांदा ठिणगी बघायची, कारण ठिणगी देणारी कॉइल तापली तरी गाडी अशीच मरते. प्लगची वायर धरतो, मारा किल्ली. बास, बास! निळी, कडक ठिणगी. करंट आहे. आता उतरा आणि हा काचेचा फिल्टर बघत राहा, पेट्रोल इथून पंपात जातं. मी किल्ली मारतो. काय दिसतंय?

ताई: बुडबुडे.

मिस्त्री: आणि पेट्रोल?

ताई: पेट्रोल नाही. म्हणजे, तळाला थोडं आहे, पण ते... काका, हे चहाच्या आधणासारखं काय होतंय?

मिस्त्री: तेच. संपलं नाही ते, ताई. उकळलं.

ताई: पेट्रोल उकळतं?

मिस्त्री: पाण्याच्या कितीतरी आधी. नव्या गाड्यांत पंप टाकीतच बुडवलेला असतो, दाबानं पेट्रोल पुढे ढकलतो, त्यामुळे हा ताप कमी. या म्हाताऱ्यांचा पंप इंजिनाला चिकटलेला. मागून ओढतो बिचारा. त्याला पातळ ओढता येतं, वाफ ओढता येत नाही. पाइपात वाफ झाली की तो नुसता हलत राहतो, हाती काही लागत नाही. पुढे पेट्रोल-हवा मिसळून इंजिनाला देणारा कार्ब्युरेटर उपाशी. टाकीत सागर का असेना.

ताई: मग सगळ्या वेळी का होत नाही?

मिस्त्री: पळत्या गाडीला वारा लागतो. पण लांबून तापून आलेली गाडी उन्हात उभी केली की पंखा बंद, पाणी फिरायचं बंद, वाराही नाही. सगळी धग वर चढते. बंद केल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी बोनेटखाली भट्टी असते भट्टी. माणसाला वाटतं, चला, थांबली, गार झाली. उलट असतं. मग तुम्ही सुरू करता. लागते हो, लगेच लागते! कार्ब्युरेटरच्या वाटीत घोटभर उरलेलं असतं ना, त्यावर थोडी पळते. आणि मग संपला खेळ.

ताई: थोडी म्हणजे किती?

मिस्त्री: काय किती?

ताई: किती अंतर जाते ती त्या घोटावर?

मिस्त्री: अर्धा किलोमीटर, पाऊण. चढ लागला तर त्याच्याही आत.

ताई: दवाखान्यापासून पुलाचा चढ तेवढाच आहे.

मिस्त्री: कोणत्या दवाखान्यापासून?

ताई: आता करायचं काय हिला?

मिस्त्री: काही नाही. फडकं भिजवायचं, पंपावर घालायचं आणि पाइपाला गुंडाळायचं. हे असं. ऐकलंत चर्रर्र झालेलं? दहा मिनिटं दम धरायचा.

ताई: आणि फडकं नाही घातलं तर?

मिस्त्री: तर आपोआप निवते. अर्धा तास, पाऊण तास.

ताई: चाळीस मिनिटं?

मिस्त्री: चाळीस मिनिटं म्हणा. ताई, तुम्ही... थांबा. तुम्ही तुमच्या आईचं, आपल्या बाईंचं बोलताय का? त्या दिवसाचं?

ताई: मी गाडीत होते, काका. मागच्या सीटवर. आईचं डोकं माझ्या मांडीवर होतं.

मिस्त्री: मला माहीत होतं की वाटेत पेट्रोल संपलं. सगळ्यांना तेच माहीत आहे. तुमच्या दादानं...

ताई: दादानं पेट्रोल भरलं नव्हतं. हो. बावीस वर्षं आमच्या घरात हे वाक्य भिंतीवरच्या घड्याळासारखं आहे. त्याची खोडच होती ना तशी. शेवटच्या थेंबापर्यंत चालवायची. त्याआधी दोनदा स्कूटर ढकलत घरी आणली होती त्यानं. मग तिसऱ्यांदा गाडी. कुणाला शंका यावी?

मिस्त्री: त्या दिवशी झालं कसं? मला नीट सांगा. एकामागून एक. गाडीचं सांगा.

ताई: दुपारचे दोन असतील. दादा बाबांना स्टेशनवर सोडून नुकताच आला होता. आई ओट्याशी उभी होती, म्हणाली छातीत कळ येतेय. आम्ही तिला उचलून गाडीत घातलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासलं, इंजेक्शन दिलं, चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, आत्ताच्या आत्ता मोठ्या हॉस्पिटलला न्या, एक मिनिट दवडू नका.

मिस्त्री: आणि गाडी?

ताई: दारात उभी होती.

मिस्त्री: उन्हात?

ताई: उन्हात. वीस-पंचवीस मिनिटं. आल्यावर लगेच लागली. दादा म्हणाला, बघ, पोचतोच आपण. आणि पुलाच्या चढावर दोन आचके दिले.

मिस्त्री: अरे देवा.

ताई: काटा नेहमीसारखा शून्यावर. तो काय बघणार? मी ओरडले, पेट्रोल संपलं, तू पेट्रोल नाही भरलंस! रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. एक ट्रक गेला, तो थांबला नाही. दादा डिकीतला रिकामा कॅन घेऊन पेट्रोल पंपाकडे पळाला. अनवाणी पळाला, एक चप्पल चढावर तशीच पडली होती. चाळीस मिनिटांनी आला. कॅन ओतला, किल्ली मारली, लागली. पहिल्या फटक्यात.

मिस्त्री: लागणारच. तोवर निवली होती.

ताई: पण ओतल्यावर लागली, काका! पेट्रोल ओतलं आणि लागली. आणखी काय पुरावा हवा होता कुणाला? तोवर आई... तोवर झालं होतं सगळं.

मिस्त्री: तो काहीच बोलला नाही का? तुमचा दादा?

ताई: एकदाच बोलला. हॉस्पिटलच्या जिन्यात. म्हणाला, बाबा, मी काल भरलं होतं. बाबा तसेच स्टेशनवरून परत फिरून आले होते. त्यांनी त्याच्या कानाखाली दिली, सगळ्यांसमोर. त्यानंतर तो कधी बोलला नाही.

मिस्त्री: कॅन केवढा होता?

ताई: पाच लिटरचा.

मिस्त्री: पूर्ण ओतला त्यानं?

ताई: हो. नाही. काय माहीत! ओतताना बरंचसं सांडलं. त्याचा शर्ट भिजला होता. हॉस्पिटलमध्ये तो जवळ आला की पेट्रोलचा भपकारा यायचा. बाबा म्हणाले, धड ओतताही येत नाही याला.

मिस्त्री: सांडलं म्हणजे बाहेर धार गेली, की आत ओतलेलं परत वर आलं?

ताई: काय फरक पडतो?

मिस्त्री: डोळे मिटा आणि आठवा. फरक पडतो.

ताई: मी मागच्या काचेतून बघत होते. कॅनचं तोंड आत घातलेलं होतं. तो ओतत होता, आणि एकदम ते... वर आलं. उसळून त्याच्या पोटावर आलं. तो मागे झाला, पुन्हा ओतायला गेला, पुन्हा आलं. काका, ते परत आलं!

मिस्त्री: रिकाम्या टाकीतून पाच लिटर परत येत नाही, ताई. हिच्या टाकीत चाळीस मावतात.

ताई: म्हणजे...

मिस्त्री: म्हणजे जागाच नव्हती. टाकी भरलेली होती.

ताई: नाही. नाही, थांबा. मी सात-आठ हजार दिवस... थांबा जरा. मला जरा बसू द्या.

मिस्त्री: बसा. खाली बसा, भिंतीला टेका. दहा मिनिटं झाली, मी किल्ली मारतो, नको म्हणालात तर नाही मारत.

ताई: मारा.

मिस्त्री: बघा. लागली.

ताई: एक थेंबसुद्धा घातला नाही आपण.

मिस्त्री: नाही.

ताई: बंद करा. बंद करा तिला, मला तो आवाज नको! काका, त्या दिवशी काय लागलं असतं? खरं सांगा. नुसतं ओलं फडकं?

मिस्त्री: त्याला माहीत कसं असणार? चोवीस वर्षांचं पोर. अनुभवी ड्रायव्हरांनाही...

ताई: मी तुम्हाला हे विचारलं नाही. ओलं फडकं आणि दहा मिनिटं?

मिस्त्री: हो.

ताई: फडकं होतं. आईच्या कपाळावर होतं. मी दर दोन मिनिटांनी बाटलीतलं पाणी ओतून ते भिजवत होते.

मिस्त्री: ताई, असा विचार करायचा नाही. अशानं माणूस वेडा होतो. मी हा हवेच्या फिल्टरचा डबा काढतो, कार्ब्युरेटर वरून बघतो. तुमच्या त्या डॉक्टरांना गाडी द्यायची तर दोष मुळातून काढायला हवा. कारण कसं आहे, अशा गाड्या उन्हात कुरकुरतात, पण इतक्या? पंधरा किलोमीटरला? त्या दिवशी स्टेशनवरून आली, ते अंतर तर त्याहूनही कमी. काहीतरी मुद्दाम तापवत असल्याशिवाय... तो पाना द्या. नाही, लहान. जरा मोबाइलचा उजेड धरा इथे, खाली.

ताई: दिसतंय?

मिस्त्री: थोडं डावीकडे.

ताई: काय झालं?

मिस्त्री: काही नाही.

ताई: काका, काय झालं? तुम्ही असे मागे का सरलात? हात भाजला का?

मिस्त्री: उजेड बाजूला घ्या.

ताई: काय आहे तिथे?

मिस्त्री: कार्ब्युरेटरखाली एक ठोकळा असतो. बोटभर जाडीचा, काळा. इंजिनाची धग वर जाऊ नये म्हणून. तो नाहीये.

ताई: पडला?

मिस्त्री: पडत नाही तो. चार नटांत असतो. त्याच्या जागी कागदाचं पॅकिंग घातलंय. आणि पंपाचा पाइप सायलेन्सरच्या बाजूनं नेलाय, पाइप धरायला क्लिप नाही, वायर बांधलीये. तीन वेढे देऊन टोक आत दाबलंय, कुणाच्या बोटाला लागू नये म्हणून.

ताई: कुणी केलं असलं काम?

मिस्त्री: ती वायर बघा. आणि ही बघा, ही आजच मी तुमच्या बॅटरीला बांधली, निघायच्या आधी.

ताई: सारखीच आहे.

मिस्त्री: तीन वेढे. टोक आत.

ताई: नाही.

मिस्त्री: माझ्या वडलांनी शिकवलं तसं बांधायला. दुसरं कुणी असं बांधत नाही.

ताई: तुम्ही?

मिस्त्री: सर आले होते. त्या दिवसाच्या आठ दिवस आधी. धक्के देते म्हणाले. मी उघडलं, तर ठोकळ्याला तडा गेलेला. म्हणालो, सर, नवा मागवावा लागेल, आठवडा जाईल. ते म्हणाले, मला गाडी हवी, घरात कामं आहेत. मग मी म्हणालो, तोवर कागदाचं पॅकिंग टाकून देतो. पाइप पण गंजलेला होता, तो रबरी टाकला, आणि जवळच्या बाजूनं नेला. तात्पुरता. म्हणालो, ठोकळा आला की दोन्ही नीट करू.

ताई: आला का ठोकळा?

मिस्त्री: आला असेल. फळीवर पडून राहिला असेल.

ताई: तुम्ही बाबांना बोलावलं नाहीत?

मिस्त्री: त्याच आठवड्यात बाई गेल्याचं कळलं. मग कसलं बोलावणार? नंतर सरांनी गाडी कधी आणलीच नाही. मला वाटलं, दुःख आहे, नकोशी झाली असेल.

ताई: झालीच होती. महिन्यातून एकदा पहाटे फाटकापर्यंत नेऊन परत लावायचे. म्हणायचे, गाडीत काही दोष नाही, दोष चालवणाऱ्यात होता.

मिस्त्री: गारव्यात कळणारच नाही तो दोष.

ताई: तुम्ही आमच्याकडे भेटायला आला होतात. आठवतंय?

मिस्त्री: आठवतंय.

ताई: बाबांसमोर बसला होतात. दादा दारात उभा होता, मान खाली घालून. तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय?

मिस्त्री: हो.

ताई: म्हणा.

मिस्त्री: ताई...

ताई: म्हणून दाखवा!

मिस्त्री: म्हणालो, सर, आजकालची पोरं निष्काळजी असतात, गाडीला दोष देऊन काय करायचं.

ताई: दादानं ते ऐकलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी तो घर सोडून गेला. बावीस वर्षांत स्टिअरिंगला हात लावला नाही त्यानं, काका. सायकलवर जातो कामाला. लग्न केलं नाही. म्हणायचा, माझ्यावर कुणी अवलंबून नको. बाबा गेले तेव्हा आला, उंबऱ्याबाहेरूनच गेला. आणि तुम्ही एक बोटभर ठोकळा...

मिस्त्री: त्या दिवशी मला खरंच तसं वाटलं होतं. हे सांगून काही हलकं होत नाही, मला ठाऊक आहे. पण माझ्या मनात तेव्हा आलं नाही, की आपण काय करून ठेवलंय. पन्नास गाड्या असायच्या. विसरलो. साफ विसरलो.

ताई: विसरलात.

मिस्त्री: मी निष्काळजी म्हणालो त्याला, आणि विसरलो मी.

ताई: तुम्ही आत्ता सांगितलं नसतंत तर मला कळलंही नसतं. मला काय समजतंय यातलं?

मिस्त्री: नसतं कळलं. क्षणभर आलं माझ्या मनात तसं, खोटं कशाला बोलू? उजेड बाजूला घ्या म्हणालो ना, तेव्हा. आणि शंभर टक्के मी हेही सांगू शकत नाही, की ठोकळा असता तर गाडी पोचलीच असती. त्या वर्षी ऊनही तसं होतं. पण बहुतेक पोचली असती. बहुतेक.

ताई: आई वाचली असती का, ते नका सांगू मला.

मिस्त्री: ते मी नाही सांगू शकत.

ताई: कुणीच नाही सांगू शकत. कुणीच.

मिस्त्री: तुमच्या दादाचा नंबर आहे का?

ताई: तुम्ही बोलणार?

मिस्त्री: मीच बोलायला हवं. उद्यावर टाकलं तर मला नाही जमणार. मी स्वतःला ओळखतो.

ताई: आधी मी बोलते.

(ती मोबाइल डिकीवर ठेवते आणि स्पीकर चालू करते.)

दादा: बोल, ठमे. कोण गेलं?

ताई: कुणी नाही. असं काय विचारतोस?

दादा: तू दुपारचा फोन करत नाहीस. थांब, मशीन बंद करतो, काही ऐकू येत नाही छापखान्यात. हं. गाडी विकली का?

ताई: गाडी आज रस्त्यात बंद पडली, दादा. टाकी फुल होती.

दादा: जुनी आहे. पडणारच. मिस्त्रींकडे ने.

ताई: मिस्त्रीकाका इथेच आहेत. ऐक ना. तशीच बंद पडली. तोच आवाज. पेट्रोल वाफ होऊन अडकतं पाइपात. त्या दिवशी पेट्रोल संपलं नव्हतं, दादा. ऐकतोयस? संपलं नव्हतं. तू ओतत होतास तेव्हा ते उसळून वर आलं होतं, तुझा शर्ट भिजला होता, मी बघितलंय. टाकी भरलेली होती.

दादा: नको.

ताई: काय नको?

दादा: हे नको आता. कशाला उकरतेस? संपलं होतं. मी भरलं नव्हतं. झालं ते.

ताई: तू भरलं होतंस!

दादा: तुला काय माहीत? मलाच माहीत नाही. आधी होतं. पहिली दोन-तीन वर्षं डोळ्यांसमोर यायचं, पंपावर उभा आहे, नळी टाकीत आहे. मग वाटायला लागलं, ते आदल्या आठवड्यातलं असेल. तुम्ही सगळे इतक्या खात्रीनं सांगत होता. इतके जण चुकतील कसे, चुकत असेन तर मीच ना? मग मीपण तेच सांगायला लागलो. इथे सगळ्यांना मी तेच सांगितलंय. आता तू म्हणतेस...

मिस्त्री: बाळा, मी बोलतोय. मिस्त्री.

दादा: काका?

मिस्त्री: तू फक्त ऐक. आठ दिवस आधी सर गाडी माझ्याकडे घेऊन आले होते. कार्ब्युरेटरखालचा धग अडवणारा ठोकळा फुटला होता. मी तो काढला आणि कागद लावून दिला. पाइप सायलेन्सरजवळून नेला. पुन्हा बोलावून नीट करायचं होतं, केलं नाही. आज उघडून बघितलं, माझंच काम आहे, अजून तसंच आहे. तुझी चूक नव्हती. तुझ्याच घरात बसून मी तुला निष्काळजी म्हणालो.

दादा: ठोकळा?

मिस्त्री: हो.

दादा: केवढा असतो?

मिस्त्री: बोटभर जाड.

दादा: बोटभर.

मिस्त्री: मी तुझ्याकडे येतो. उद्या येतो. तुला जे बोलायचं असेल, करायचं असेल...

दादा: येऊ नका. काका, मला तुमच्याशी आत्ता बोलता येणार नाही. पुढे कधी येईल का, ठाऊक नाही.

मिस्त्री: नको बोलूस. बरोबर आहे तुझं.

दादा: ठमे, तू आहेस का?

ताई: आहे. काका पलीकडे गेलेत, भिंतीशी. स्पीकर बंद केलाय मी. दादा, अजून एक आहे.

दादा: अजून काय राहिलंय आता?

ताई: माझं. मी कुणालाच सांगितलं नाही. तू कॅन घेऊन गेलास ना, तेव्हा मी आईला म्हणाले, बघ तुझा लाडका, पेट्रोलसुद्धा भरलं नाही त्यानं. रागानं म्हणाले. दोनदा म्हणाले.

दादा: तिला कळत होतं?

ताई: चांगलं कळत होतं. ती म्हणाली, भरलंय गं. काल बाजारातून येताना भरलं त्यानं, मी होते की गाडीत.

दादा: काय?

ताई: मी होते की गाडीत, असं म्हणाली. मला वाटलं, पाठीशी घालतेय. नेहमी घालायची ना तुला? मी म्हणाले, पुरे कर, जास्त बोलू नकोस. आणि फडकं भिजवलं.

दादा: बाबांनी मला मारलं, तेव्हा तू कुठे होतीस?

ताई: जिन्यातच होते. तुझ्या मागे.

दादा: आणि बोलली नाहीस.

ताई: नाही. तेव्हा मला ते खोटंच वाटत होतं. नंतर कधीकधी वाटायचं, खरं असेल तर? मग मी दुसऱ्या कामाला लागायचे. माझ्या मांडीवर गेली ती, दादा. मी एकोणीस वर्षांची होते. मला कुणावर तरी चिडायचं होतं, आणि तू समोर होतास, तुझ्या अंगाला पेट्रोलचा वास येत होता. मी तुझी माफी मागत नाही. मागायला तोंड नाही मला.

दादा: नक्की असंच म्हणाली? शब्द हेच?

ताई: हेच. मी विसरू शकले असते तर बरं झालं असतं.

दादा: आवाज कसा होता तिचा?

ताई: साधा. घरात बोलायची तसा. थोडी दमलेली.

दादा: माझ्यावर रागावली नव्हती?

ताई: नाही रे. तू येतोयस का ते बघ, म्हणाली. काचेतून बघ म्हणाली.

दादा: मी धावत होतो.

ताई: माहीत आहे.

दादा: ठमे.

ताई: बोल.

दादा: फोन ठेवू नकोस. मी काही बोललो नाही तरी ठेवू नकोस.